शाळेच्या परसबागेतून मुलांना नेमकं काय मिळतं?

एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं आहे: शाळेच्या मागं दोनेक गुंठे जागा पडून आहे. परसबाग करा असं वरून सांगितलं आहे. पण पालक म्हणतात, 'पोरांना माती उकरायला शाळेत घातलंय का?' बागेमुळं मुलांच्या अभ्यासाला आणि तब्येतीला खरंच फायदा होतो का, की सगळं फोटो काढण्यापुरतंच आहे?

बाई, फायदा होतो आणि चांगला होतो. मात्र नुसती बाग असून तो होत नाही. बागेतले निर्णय मुलं घेतात का आणि तिथं पिकलेलं त्यांच्या ताटात येतं का, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. मी शेतीचं शिक्षण घेतलं आणि पुढं शाळांच्या परसबागांच्याच कामात रमले. या काळात रंगवलेल्या विटांच्या, सुबक पाट्या लावलेल्या, स्पर्धेत नंबर मिळवलेल्या बागा पाहिल्या. त्यातल्या काही ठिकाणी मुलांना आत पाय ठेवायची मनाई होती. आणि वेडेवाकडे चारच वाफे असलेल्या शाळाही पाहिल्या, जिथं चौथीतलं पोर तुम्हाला हाताला धरून नेतं आणि या कोपऱ्यातली मेथी पिवळी का पडली ते सांगतं. मी पुढं लिहिते आहे ते या दुसऱ्या बागेबद्दल.

गणितापासून सुरू करते, कारण पालकांना ते सगळ्यात लवकर पटतं.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे, सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. तुमच्या पटावर पाचवीपर्यंतची 60 मुलं आहेत असं धरू. म्हणजे एका दिवसाला 3 किलो भाजी. बरा जमलेला मेथीचा वाफा चौरस मीटरला साधारण 800 ग्रॅम ते 1 किलो भाजी देतो. मग आठवड्यातून एकदा शाळेतलीच मेथी शिजवायची तर वाफा केवढा हवा? शिवाय मेथी पेरल्यापासून काढायला महिनाभर लागतो. मग दर आठवड्याला एक वाफा तयार मिळायचा तर एका वेळी किती वाफे जमिनीत असले पाहिजेत, आणि दोन पेरण्यांत अंतर किती दिवसांचं ठेवायचं? पाचवीच्या वर्गाला हे फळ्यावर मांडू द्या. क्षेत्रफळ, गुणाकार, भागाकार, एकक बदलणं आणि कॅलेंडर, सगळं एकाच प्रश्नात येतं. वहीतलं उत्तर चुकलं तर लाल शाईची खूण मिळते आणि विषय तिथंच संपतो. इथं चुकलं तर तिसऱ्या आठवड्यात भाजी नसते, आणि चूक कुठं झाली हे शोधायला मुलं आपणहून आकडेमोडीकडं परत जातात. परत जाण्याची ही सवय मला एखाद्या सूत्रापेक्षा मोलाची वाटते.

पावसाचंही तसंच. सरळ बाजूंची एक बरणी उघड्यावर ठेवा, बाहेरून पट्टी चिकटवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. रात्रीतून 10 मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर हजार लिटर पाणी आलं. मग मुलं शाळेचं छप्पर मोजतात. 100 चौरस मीटरच्या पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस झाला तर 2,500 लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलेलं असतं. उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो, रांग लागते, हे ज्या मुलांनी घरी पाहिलं आहे त्यांना हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. एका शाळेत मुलांनी हा हिशेब थेट शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडला आणि पुढच्या पावसाळ्याआधी पन्हाळीखाली टाकी बसली.

विज्ञानासाठी तर वेगळी सोय करावीच लागत नाही. कारल्याचं आणि दोडक्याचं बी जाड सालीचं असतं, धने रगडून दोन भाग करून पेरतात, मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि मिरची आठ-दहा दिवस वाट पाहायला लावते. कारल्याच्या वीस बिया घ्यायला सांगा, दहा रात्रभर भिजवा, दहा तशाच कोरड्या लावा, बाकी माती, पाणी, ऊन सगळं सारखं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, ही प्रयोगाची मूळ शिस्त आठ वर्षांच्या मुलाला यातून सहज कळते. पुढं तेच मूल विचारतं, 'बाई, त्या वाफ्याला सावली जास्त होती, मग आपला निकाल बरोबर कसा?' हा प्रश्न ज्या वर्गात आला तिथं विज्ञान पोचलं असं मी समजते.

तांबड्या भोपळ्याचा वेल एक तरी लावाच. त्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागं अगदी चिमुकला भोपळा दिसतो, नर फूल नुसत्या लांब देठावर असतं. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तुमची शनिवारची शाळा सकाळची असते, त्यामुळं वेळ बरोबर जुळते. मुलांनी नर फूल तोडून त्यातला पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचा आणि त्या फुलाला रंगीत दोरा बांधायचा. चार-पाच दिवसांत कळतं कोणता भोपळा धरला आणि कोणता पिवळा पडून गळला. परागीभवनाची आकृती मी पुस्तकातही काढून घेते, पण दोरा बांधून झाल्यावर. तोवर मुलांना ती आकृती कशाची आहे हे ठाऊक झालेलं असतं.

चवळीचं झाड फुलोऱ्यात आलं की एक उपटून मुळं धुवून दाखवा. त्यावर बारीक गाठी असतात. नखानं गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर ती कामात आहे, हवेतला नत्र झाडाला मिळवून देते आहे. चवळीनंतर त्याच वाफ्यात पालक लावला तर कसा येतो आणि शेजारच्या वाफ्यात कसा येतो, याची तुलना पुढच्या सत्रासाठी तयार होते. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) पडला की लगेच काही फवारू नका. दोन-तीन दिवस भिंग घेऊन बसू द्या. ढालकिड्याची काळी, काटेरी, विचित्र दिसणारी अळी मावा खाताना पाहिली की 'किडा दिसला की मारा' हे मुलांच्या डोक्यातून निघून जातं, आणि घरी जाऊन ती वडिलांशीही त्यावर वाद घालतात.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. जी मुलं 'माझा आवडता सण'वर चार ओळी लिहिताना अडतात, तीच बागेच्या नोंदवहीत पान भरतात. त्यांच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी स्वतःचं असतं. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, आजोबा म्हणाले हा केवडा आहे, पांढरी माशी आणते, झाड उपटून टाका. एवढ्या नोंदीत निरीक्षण आहे, ऐकलेलं ज्ञान आहे आणि सल्लाही आहे. मेळघाटात कोरकू बोलणारी, नंदुरबारकडं भिली किंवा पावरी बोलणारी, डहाणू-तलासरीत वारली बोलणारी मुलं वर्गात प्रमाण मराठीपुढं गप्प बसतात. बागेत मात्र टाकळा, कुर्डू, करटोली अशा रानभाज्यांबद्दल त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त माहिती असते. पाऊस पडल्यावर कुठं काय उगवतं, कोणता पाला कोवळा असतानाच खायचा, कोणता उकळून पाणी टाकून द्यायचा. अशा वेळी शिक्षकानं वही घेऊन विचारावं आणि मुलानं सांगावं. वर्गात सतत 'येत नाही' हे ऐकणाऱ्या मुलाला एकदा सगळ्यांसमोर 'याला येतं' हे मिळालं की ते मूल वाचनाच्या तासालाही थोडं सरळ बसतं. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की त्याला योगायोग म्हणायला माझी तयारी नाही.

माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसेल तर अभ्यासही झालेले आहेत. 1990 ते 2010 या काळात बागेतून शिकवण्यावर जे संशोधन झालं, त्यातल्या 48 अभ्यासांचा आढावा 2013 मध्ये घेतला गेला. बहुतेकांत शिकण्यावर चांगला परिणाम दिसला. विज्ञानात तो सगळ्यात ठळक होता, त्यानंतर गणित आणि भाषा. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आहेत आणि कित्येक लहान आहेत, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

आता खाण्याकडं येऊ. इथं मात्र सावध राहायला हवं, कारण बागेबद्दल सगळ्यात जास्त अवाजवी बोललं जातं ते इथंच. लंडनच्या प्राथमिक शाळांत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. बागकामाचा कार्यक्रम सुरू केला एवढ्यावर मुलं जास्त फळं-भाज्या खायला लागली, असं काही दिसलं नाही. ज्या शाळांनी बाग खरोखर शाळेच्या रोजच्या जगण्यात आणली, त्या शाळांत मात्र खाण्यात फरक पडला. नेपाळमधला अनुभव आपल्याला जास्त जवळचा. जागतिक भाजीपाला केंद्रानं तिथल्या शाळांत आधी नुसती शाळेची बाग करून पाहिली. मुलांची माहिती वाढली, आवडीनिवडी थोड्या बदलल्या, ताटात भाजी काही वाढली नाही. पुढच्या चाचणीत शाळेच्या बागेला घरच्या परसबागेची जोड दिली, पालकांना बी आणि प्रशिक्षण दिलं. तेव्हा मुलं भाजी जास्त खायला लागली.

यात आपल्याला करण्यासारखं बरंच आहे. आपल्याकडं शाळेतच जेवण शिजतं, ही मोठी सोय आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बागेच्या नियोजनात बसवा. त्यांना काय निवडायला सोपं जातं, कोणती भाजी खिचडीत जाते, कोणती आमटीत विरघळते, हे त्याच सांगू शकतात. निवडायला वेळ लागणारी भाजी असेल तर आदल्या दिवशी शेवटच्या तासाला मुलांनी निवडून ठेवावी. स्वतः पेरलेली, स्वतः निवडलेली भाजी मूल निदान चाखून तरी पाहतं. आणि मूल भाजीला एकदा नको म्हणालं म्हणून कुणी सोडू नये. लहान मुलाला नवी चव पटायला आठ-दहा वेळा तरी ती समोर यावी लागते. जबरदस्ती नको, फक्त पुन्हा पुन्हा समोर येऊ द्या. शिवाय प्रत्येक मुलाला दिवाळीच्या सुट्टीआधी दोन रोपं आणि मूठभर बी घरी द्या. शेवगा, कढीपत्ता, अळूचा कंद, वालाचं बी. नेपाळनं जे शिकवलं ते या दोन रोपांत येतं.

रक्ताच्या कमतरतेबद्दल पालक विचारतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास 69 टक्के मुलांत रक्ताक्षय आढळला. हीच मुलं पुढं तुमच्या पहिलीत येतात. शेवग्याचा पाला, राजगिरा, चवळई, अंबाडी या भाज्यांत लोह आहे. पण पालेभाजीतलं लोह शरीर सहजी उचलत नाही. त्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असला तर ते जास्त मिळतं. म्हणून शाळेत लिंबाचं एक झाड असावंच आणि पालेभाजीच्या दिवशी ताटात लिंबाची फोड यावी. पण आठवड्याला मिळणारी गुलाबी किंवा निळी लोहाची गोळी आणि जंताची गोळी यांची जागा भाजी घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगा. गोळी चालू ठेवायची, भाजीही खायची.

मनाच्या आरोग्याबद्दल मोठे शब्द वापरायचा मोह मी टाळते. मला जे दिसतं ते साधं आहे. मूल बागेत वीस मिनिटं उकिडवं बसून काम करून आलं की पुढचा तास शांत जातो. चिडकं मूल रोपाला पाणी घालताना हात सावरून घालतं, कारण धार जोरात सोडली तर रोप आडवं होतं. पेरल्यावर वाट पाहावी लागते आणि ती वाट रडून किंवा हट्ट करून कमी होत नाही. कधी शेळी येऊन सगळं खाऊन जाते. अशा सकाळी मुलं रडतात, एकमेकांवर आरोप करतात, आणि मग कुंपण कसं घालायचं यावर बोलायला लागतात. नुकसान झाल्यावर पुन्हा उभं राहण्याचा असा सराव वर्गात देता येत नाही. फिनलंडमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून टाकलं. मुलं 28 दिवस तिथं खेळली, आणि त्यांच्या त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या सूक्ष्मजीवांत, तसंच प्रतिकारशक्तीच्या काही खुणांतही चांगला बदल दिसला. आपल्या खेड्यातल्या मुलांना मातीचा तुटवडा नाही, पण पेव्हर ब्लॉक बसवलेल्या शहरी शाळांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

बीडच्या, अहिल्यानगरच्या काही भागांतल्या शाळांना एक वेगळीच अडचण येते. दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-वडील निघाले की अर्धा वर्ग रिकामा होतो. हंगामी वसतिगृहात काही मुलं राहतात, बाकीची कारखान्याच्या फडावर जातात. अशा ठिकाणी प्रत्येक झाडाला दोन पालक ठेवा, एक राहणारा आणि एक जाणारा. जाणाऱ्यानं जाताना आपलं झाड मित्राच्या हवाली करायचं, वहीत काय काय करायचं ते लिहून द्यायचं. परत आल्यावर तुटलेल्या अभ्यासाची भीती असते, हजेरीपटावर आपलं नाव उरलंय की नाही अशी धाकधूक असते. अशा वेळी शाळेत आपलं एक झाड उभं आहे, त्याला शेंगा लागल्या आहेत, हे त्या मुलाला शाळेत परत यायला कारण देतं.

आता तुमच्या पालकांच्या वाक्याकडं येते. 'पोरांना माती उकरायला शाळेत घातलंय का?' या वाक्यात चीड आहे आणि ती खरी आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून लेकराच्या हातात पाटी-पेन्सिल दिली, त्यांना ते लेकरू खुरपं घेऊन दिसलं तर वाईट वाटणारच. त्यांना समजावायच्या आधी आपली वागणूक तपासायला हवी. बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये, उशिरा आलेल्याला तण काढायला लावणं तर अजिबात नाही. पाणी भरणं आणि झाडणं मुलींकडं, कुदळ आणि नोंदी मुलांकडं, अशी वाटणी आपोआप होते. ती मोडावी लागते. शेण-खताची पाटी ठरावीक वस्तीतल्या मुलांच्याच डोक्यावर जाते का, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. कामाचा तक्ता भिंतीवर लावा, दर आठवड्याला पाळी बदला, आणि त्या तक्त्यात शिक्षकांचीही नावं असू द्या. गुरुजी खुर्चीवर बसून सूचना देत आहेत आणि मुलं खणत आहेत, हे दृश्य ज्या शाळेत आहे तिथल्या पालकांची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

हे सांभाळलं की मग पालकांना बोलवा, आणि सभेसाठी बोलवू नका. मांडव घालायला, वाफसा (मातीत पेरणीजोगी ओल) आला की नाही ते बोटानं पाहून मुलांना दाखवायला, बी कसं साठवायचं ते सांगायला बोलवा. एरवी शाळेत अंगठा किंवा सही करून मुकाट्यानं परत जाणारा बाप त्या दिवशी शिकवतो. आई बियाणं राखेत घालून मडक्यात कसं ठेवतात ते सांगते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालाच्या, भाज्यांच्या जाती जपून बियाणं बँक उभी केली आणि 2020 चा पद्मश्री मिळवला. त्या स्वतः शाळेत शिकलेल्या नाहीत, हे मुलांना जरूर सांगा. तुमच्या गावातही घरातलं बी जपणारी एखादी आजी असेलच, तिच्यापासून सुरुवात करा. पालकांचा सूर त्यानंतर बदलतो, कारण त्यांना जे येतं त्याला शाळेनं ज्ञान म्हटलेलं असतं.

हा विचार काही बाहेरून आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीची प्राथमिक माहिती असावी असं मांडलं होतं, तेही लेखन, वाचन आणि हिशेबाच्या जोडीनं. ते शेतीऐवजी शिक्षण किंवा शिक्षणाऐवजी शेती असं म्हणत नव्हते. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, आली, आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतीतून शिकतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात आसपासच्या झाडापानांचं, बियांचं साहित्य वापरून शिकवणं होतं. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथंही शेती आणि पशुपालन हे शाळकरी मुलांच्या कामातून शिकण्याचा भाग आहेत. केंद्रानं शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या 2019 मध्ये. कुणी विचारलं की ही नवी टूम कुठून आली, तर एवढं पुरे.

कामाला लागताना जागा कशी निवडायची ते सांगते. हात धुण्याच्या नळांचं पाणी जिथं जातं तिथं अळू आणि केळी लावा, ती पाणी पितात आणि चिखल होत नाही. वाफ्यांना दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे लहान मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचतो आणि कुणी वाफ्यात पाय देत नाही. काळ्या भारी जमिनीत गादीवाफेच (उंच केलेले वाफे) करा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात. कुंपणाला जुन्या साड्या, काटक्या, काहीही चालेल, पण मोगली एरंड लावू नका. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि विषबाधा होते. असे प्रकार आपल्याकडं वारंवार झालेले आहेत. कण्हेर, धोतरा, गुंज हेही शाळेच्या आवारात नकोत.

शाळेच्या आवारात रासायनिक कीटकनाशकाची बाटली येऊच नये, बंद कपाटातसुद्धा नको. निंबोळी अर्क, हातानं वेचणं आणि कडेनं झेंडू एवढ्यावर दोन गुंठ्यांची बाग चालते. थोडं नुकसान होतं, ते होऊ द्या. बागेत चपला घालूनच जायचं, पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, बाहेर आल्यावर साबणानं हात धुवायचे. दहाव्या वर्षीचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे ना, हे आरोग्य तपासणीच्या वेळी पाहून घ्या.

सुट्ट्यांचं वेळापत्रक आधीच डोळ्यांसमोर ठेवा. जूनमध्ये शाळा भरली की भेंडी, गवार, चवळी, दोडका, लाल माठ. माठ पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतो, म्हणून पहिल्या वर्षी तोच आधी लावा, मुलांचा धीर टिकतो. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, टोमॅटो. मे महिन्यात पाणी घालायला कुणी नसेल तर वाफे पालापाचोळ्यानं झाकून सोडून द्या. शेवगा, कढीपत्ता, लिंबू तग धरतात. वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दोन तासिका आणि रोज परिपाठानंतर दहा मिनिटं पुरतात. आनंददायी शनिवार आहेच, आणि सहावी ते आठवीला दप्तरमुक्त दिवसही आहेत.

शहरातल्या ज्या शाळांना जमीनच नाही त्यांनी गच्चीचा विचार करताना आधी अभियंत्याला वजन आणि गळती विचारावी. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच माती पुरते. भाजीचे क्रेट, सिमेंटची धुतलेली पोती, फुटके माठ, सगळं चालतं. नुसती माती भरू नका. निम्मा पालापाचोळा आणि गांडूळखत घातलं की वजन कमी होतं आणि पाणीही टिकतं.

फायदा होतो आहे की नाही हे तुमचं तुम्हाला कळावं म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवा: पालेभाजीच्या दिवशी ताटात उरलेल्या भाजीचं वजन, नोंदवहीत मुलानं स्वतःहून लिहिलेल्या ओळी, आणि बागेची पाळी असलेल्या दिवशीची हजेरी. वर्षाच्या सुरुवातीला एकदा, दिवाळीआधी एकदा, परीक्षेआधी एकदा. ही वजनं आणि बेरजा मुलांनीच केल्या तर उत्तम. पालकसभेत हाच कागद वाचून दाखवा.

पहिल्या वर्षी चार वाफे आणि एक मांडव, याहून जास्त काही हाती घेऊ नका. काय लावायचं ते मुलांना मत देऊन ठरवू द्या, आणि त्यांनी ठरवलं तेच लावा. हमखास कुणीतरी कलिंगड म्हणेल. त्याला नाही म्हणू नका, फक्त जानेवारीपर्यंत थांबायला सांगा. जानेवारीत बी टोकलं तर 80 ते 90 दिवसांत, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या सुमाराला, फळ खायला मिळतं. रोज पाणी कोण घालणार, याची पाळी मात्र त्याच दिवशी ठरवून घ्या.